उजनीच्या पाण्यावरची हाक

भूतखेत, भास असलं मी कधीच मानलं नाही. सोलापुरात शाळेत सायन्स शिकवण्यात आयुष्य गेलं. तरी लिहितेय... कुणाला विचारावं तेच कळत नाही.

पॅरालिसिसच्या झटक्यात ह्यांची वाचा गेली. अक्कलकोटकडचा बोलघेवडा माणूस — घरात कन्नड, बाहेर मराठी. आता नुसतं 'अं... अं'. ह्यांना पक्ष्यांचं वेड, म्हणून हिवाळ्यात उजनीच्या बॅकवॉटरला, करमाळ्याच्या बाजूला एक कॉटेज घेतलं. वाटलं, मन रमेल, एखादा शब्द फुटेल.

ऊन वर आल्यावर नावाड्याने ह्यांना उचलून होडीत बसवलं. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा मोठा थवा चरत होता. नावाड्याने मोटर बंद केली आणि... सगळे पक्षी एकदम थांबले. चोची तशाच पाण्यात.

नावाडी इकडंतिकडं बघायला लागला. "ताई, कुनीतरी हाका मारतंय की."

"मला नाही ऐकू आलं."

"बाईमानूस हाय. 'शिव्या, बारो' म्हनतीया. बारो म्हंजी काय वो?"

बारो म्हणजे 'ये रे'. त्या माणसाला कन्नडचा गंध नव्हता. आणि ह्यांना लाडाने 'शिव्या' म्हणायच्या त्या फक्त माझ्या सासूबाई... त्यांना जाऊन कैक वर्षं झाली.

तेवढ्यात हे बोलले. अगदी स्वच्छ.

"बंदे, अव्वा... बंदे."

आलो, आई.

सगळा थवा एकदम उडाला. मी ह्यांचे खांदे धरून रडत होते. "अहो, बोललात की तुम्ही! माझ्याशी बोला ना... काहीही बोला!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं. मग नजर परत पाण्यावर.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा तो भागच निकामी झालाय, शब्द निघणं शक्य नाही. तुम्हाला भास झाला असेल. मग नावाड्यालाही तोच भास?

उन्हाळा लागायच्या आत हे गेले. तोवर मी रोज उशाशी बसून बोलत होते. मराठीत, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये... एकदा तर लाज सोडून सासूबाईंसारखी हाकही मारली. ह्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. ह्यांना बोलता येत होतं, एवढं मात्र खरं. माझ्याशी बोलायचं काही उरलं नव्हतं.