हलीमाच्या कामापुढचं नाव

शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र आलं त्या दुपारी आमच्या प्रमुखांनी, डॉक्टरांनी, केक मागवला. फोटोसाठी सगळे उभे राहिले. हलीमा माझ्याशेजारी आली, तसे डॉक्टर हसत मला मराठीत म्हणाले, "ताई, त्या काळीला बाजूला घ्या. फोटो काळा येईल. प्लेटा भर म्हणावं तिला."

दोघंतिघं हसले.

"क्या बोले?" हलीमाने विचारलं.

"शाबासकी दे रहे हैं," मी म्हणाले. आणि तिच्याबरोबर प्लेटा भरायला गेले.

हलीमा सुदानची, हिंदी इथे येऊन शिकलेली. रियाधच्या आमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. मी नोंदी ठेवते. नमुना कुठला, कुणी आणला, कुणी तपासला. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरचं हे काम पहिल्याच वर्षी बंद पडायला आलं होतं. अल खर्ज गावाहून गाडीने येणारं रक्त खराब निघायचं. डॉक्टर म्हणाले, ऊन आहे, बर्फ वाढवा. वाढवला. आणखी खराब. मग एक दिवस हलीमा गाडीत नमुन्यांच्या पेटीशेजारी बसून आली. उतरताच म्हणाली, नळ्या थेट बर्फाला टेकतात, म्हणून पेशी फुटतात. तिने मध्ये जाड कापड घातलं, पेटी भरायची रीत बसवली, ड्रायव्हरांना शिकवली. काम तरलं.

निबंधात छापायची, कोणी काय केलं ही यादी डॉक्टरांनी माझ्याकडूनच करून घेतली होती. केकनंतर मी निबंध उघडला. हलीमाच्या कामापुढे डॉक्टरांचं नाव. तिचं कुठेच नाही. लेखकांत माझं होतं. शेवटून दुसरं.

केबिनमध्ये गेले.

"सर, हलीमा?"

"अहो, ती मदतनीस. तुमचं घातलंय ना? तुमच्या लोकांना कोण घालतं? मराठी म्हणून केलं मी."

तुमच्या लोकांना.

आठ वर्षं हा माणूस माझ्या घरी जेवला. आपली माणसं, म्हणाला. माझं आडनाव तो एक दिवसही विसरला नव्हता.

मी हलीमाला सगळं सांगितलं. आधी माझं खोटं.

"हँसी समझ में आती है, दीदी," ती म्हणाली. "लगा था तुम सच बोलोगी."

नोकरी जाईल. इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल. मुलीची दहावी अर्धी राहील. तिन्ही गोष्टी कागदावर मांडल्या आणि निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. सोबत पेटीच्या नोंदींची पानं, हलीमाच्या सह्यांची. तिचं नाव घाला, नाहीतर माझं काढा. एक प्रत डॉक्टरांना, एक हलीमाला.

उत्तर नाही. दर सोमवारी पुन्हा लिहिते. इथून काढलं तर गावाहून लिहीन.