सगळी राख

पास्कल यांना ट्रॉलीवर ठेवलं होतं. मी बर्नर पेटवणार, तेवढ्यात त्यांच्या बायकोने, ग्रेसबायने, विचारलं, राख किती मिळेल?

ठाण्यातल्या एका स्मशानभूमीत मी गॅसच्या शवदाहिनीवर ऑपरेटर होतो. मी नेहमीचं उत्तर दिलं. चार अस्थी मडक्यात देतो, उरलेली राख खाडीत सोडतो. आमच्याकडे येणाऱ्यांना तेवढंच हवं असतं.

"मग नको भाऊ. गाडी परत फिरवा."

मी चक्रावलो. ख्रिश्चन माणसाचं दहन हेच माझ्यासाठी नवीन होतं. सोबतच्या फादरनी समजावलं. चर्चने दहनाला परवानगी देऊन बरीच वर्षं झाली, पास्कल यांनी ते स्वतःच मागितलं होतं. पण राख वाटायची नाही, विखरायची नाही. सगळी एकत्र, दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची.

"माझा माणूस अर्धा खाडीत नि अर्धा भिंतीत नाय ठेवायचा मला," ग्रेसबाय म्हणाल्या.

सगळी राख देणं सोपं होतं. अडचण दुसरीच होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. भट्टीच्या विटांच्या फटींत आदल्या दिवसाची राख थोडी राहतेच. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण मला ते जमेना. ग्रेसबायला सांगून टाकलं आणि साहेबांना फोन लावला.

"साफ करायला किती वेळ?"

"दीड तास."

"अरे, अकराची बॉडी येतेय."

"त्यांना मी विचारतो. पण कुणाची राख कुणात मिसळून देणार नाही, साहेब."

साहेब म्हणाले, बघ बाबा, तुझ्या जबाबदारीवर. अकराची मंडळी भली निघाली, थांबली.

आधी लांब दांड्याचा ब्रश फिरवला. मग फडकं घेऊन स्वतः आत डोकं घातलं. शेवटी ग्रेसबायच्या हातात टॉर्च दिला. त्यांनी चारही कोपरे नीट बघितले, क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, पेटवा.

मडकं कुठलं पुरतंय? त्यांनी आणलेला स्टीलचा डबा काठोकाठ भरला.

डबा कोनाड्यात ठेवायच्या दिवशी मला बोलावणं आलं. फादरची प्रार्थना मराठीत होती, मला शब्द अन् शब्द कळला. ग्रेसबायने शेजारचा रिकामा कोनाडा दाखवला. "ही माझी जागा. माझी वेळ येईल तवा भट्टी तुम्हीच साफ करा." निवृत्तीच्या निरोपसमारंभात मिळालेल्या शालीपेक्षा मला या वाक्याचा अभिमान जास्त आहे.

तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारायचो, राख किती हवी. आमच्या कामात पेटवल्यावर दुरुस्ती नसते.

आता मी निवृत्त आहे. ग्रेसबाय अजून ठणठणीत आहेत. नव्या ऑपरेटरला सांगून ठेवलंय, त्यांची वेळ आली की बर्नरला हात लावायच्या आधी मला फोन कर.