मायच्या खुब्यातला आवाज

माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर माझी माय सांगेल, आणि ती मीठमसाला लावून सांगते.

बिरसीजवळ आमची धानशेती. मी मात्र घरं बांधणारा मिस्त्री. बारा वर्षांपूर्वी मायचा खुबा झिजला, तो नागपूरच्या डॉक्टरांनी बदलला. वर मला म्हणाले, "खुब्यातली नवी धातूची वाटी सिमेंट न लावता बसवलीय. हाडच तिला धरून ठेवेल." सिमेंटशिवाय? आता सांगा, मिस्त्रीला हे पटेल का?

माय मात्र काठी टाकून शेताच्या धुऱ्या-बांधावरून ठणठणीत फिरायची. मग एका दिवाळीत मी तिचा हात धरून पायऱ्या उतरत होतो, आणि आवाज आला. कट्. पुढच्या पायरीवर पुन्हा कट्.

"माय, तुह्या खुब्यातून आवाज येऊन राहिला."

"मले त नाही आयकू येत."

"दुखते का?"

"नाही."

"मंग वाजते काऊन?"

"तूच सांग बापू. तूच आयकून राहिला."

वाटी सुटली, माझी खात्रीच पटली. मी मायचं चालणं बंद केलं, तिला खाटेवर बसवलं, नातेवाइकांना फोन लावले. आमगावचा मामा रडतच आला. आठव्या दिवशी जीप केली आणि तिघं नागपूरला.

डॉक्टरांनी एक्स-रेचा नवा फोटो उजेडावर लावला. "वाटीची पाठ मुद्दाम खडबडीत ठेवतात. बघा, हाड तिच्यात वाढत गेलंय. मध्ये फट नाही. इतक्या वर्षांत वाटी केसभरही हललेली नाही."

मी बघतच राहिलो. आयुष्यभर विटा जोडल्या, पण जिवंत हाडानं धातूला असं कवेत घेतलेलं कुठं पाहिलं होतं? माझे हात आपोआप जोडले गेले. माय हळूच म्हणाली, "धानाच्या रोपानं मूळ धरावं, तसं धरलं रे."

"पण साहेब, तो आवाज?"

"चालवून दाखवा."

मी मायचा हात धरला. कट्. कट्.

"आता त्यांना एकट्यांना चालू द्या."

माय दारापर्यंत गेली, परत आली. एकदाही कट् नाही.

"आता तुम्ही चाला."

मी पाऊल टाकलं. माझ्या डाव्या गुडघ्यातून, कट्.

डॉक्टरांनी तपासणीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "झोपा."

मी झोपलो. माय मामाकडे वळली. "आठ दिवस मले खाटेवर बसवलं ह्यानं. अन् मोडका त हाच निघाला."