काकांची अख्खी कोंबडी

कोंबडी भाजणं हे जगातलं सर्वांत गंभीर काम मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो बोरिवलीला आमच्या शेजारच्या खोलीत राहत होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काका पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होते. जपानच्या बंदरात शिकलेला तेरियाकी सॉस त्यांनी आपल्या पद्धतीने घरी बसवला होता: सोया सॉस, व्हिनेगर, आलं आणि साखरेऐवजी गूळ, सगळं चकाकेपर्यंत आटवायचं. महिन्यातून एखाद्या रविवारी गोराईहून कोंबडी यायची. तुकडे करा, असं कुणी सुचवलं तर काका म्हणत, "तुकडे काय रे, कोणी पण करील." मग पाय सुतळीने बांधलेली, सॉस माखलेली अख्खी कोंबडी परातीत घेऊन, कावळ्यांच्या भीतीने वर छत्री धरून ते कोपऱ्यावरच्या बेकरीत जात. पाव निघाल्यावर भट्टीत जी धग उरते, तिच्यावर ती भाजायची. वाटेत घरमालकांनी हटकलं तरी, "भट्टी थंड होते, मागाहून बोला," एवढंच उत्तर मिळे.

अडचण एकच होती. बोटीच्या जिन्यावरून पडून काकांच्या डोक्याला मार लागला आणि वास, चव दोन्ही गेली. नोकरीही गेली. घरात जीभ उरली ती काकूंची, आणि काकू माळकरी. त्यांनी मांस-मच्छी केव्हाच सोडली होती. म्हणून सॉस कोंबडीला लागण्याआधी काका चमचाभर त्यांच्या तळहातावर घालत. काकू डोळे मिटून चाटत आणि न चुकता नाव ठेवत. "गूळ भारी पडलाय. आलं काय सोन्याच्या भावाने आणता?" काका मुकाट्याने आलं किसायला बसत. "माझी जीभ हिच्या तोंडात आसा," असं मला सांगत. खाणाऱ्याला चव नाही आणि चव घेणारी खात नाही, असा सुखाचा संसार मी दुसरा पाहिला नाही.

काकू गेल्या, त्यानंतर बरेच महिने कोंबडी आली नाही. मग एका रविवारी काकांनी मला हाक मारून चमचा पुढे केला.

"सांग."

"छान झालंय, काका."

"नीट बघ ना."

"अगदी झकास."

काकांनी गॅस बंद केला आणि कोंबडीला सॉस लावायला घेतला.

दुपारी शेजारपाजारची माणसं जेवायला बसली. सगळ्यांनी बोटं चाटली. काकांनी ताटाला हातही लावला नव्हता. ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत बसले होते, कुणीतरी नाव ठेवील म्हणून. कुणीच ठेवलं नाही.