‘देऊ नये’साठी थांबलेले उद्घाटन

कुसुमताई भोयर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नागपूरला संगणकाचा अभ्यासक्रम करून मी वर्ध्याजवळच्या या धर्मादाय रुग्णालयात रुजू झालो होतो. संगणक विभागाच्या प्रमुख कुठे भेटतील, असे विचारल्यावर शिपायाने त्या खिडकीकडे बोट दाखवले. नाचणगावच्या शेतकरी घरातल्या ताई नोंदणी कारकून म्हणून लागल्या, नोकरी सांभाळून संगणक शिकल्या आणि विभागप्रमुख झाल्या. पण गर्दीच्या दिवशी खिडकीत बसणे त्यांनी सोडले नव्हते. माझे प्रमाणपत्र नीट वाचून त्यांनी परत दिले आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. पहिले आठ दिवस मी तिथे बसून रुग्णांची नावे लिहिली. तेव्हा मला तो अपमान वाटला होता.

पुढे ताईंनी सगळ्या रुग्णांची माहिती डेटाबेसमध्ये आणली. तो दोन जोडलेल्या सर्व्हरवर चाले. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचे. ‘उचलतोच’ असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले, तेव्हा रुग्ण यायच्या आत ताईंनी चालत्या सर्व्हरची वायर स्वतः उपटली. त्या माणसाचा चेहरा उतरला. काम मात्र थोडे अडखळून पुन्हा सुरू झाले. मगच त्यांनी पावतीवर सही केली.

काही वर्षांनी ती यंत्रे थकली, सुटे भाग मिळेनासे झाले. नवे दोन सर्व्हर आले, सोबत डेटाबेसची नवी आवृत्ती आली. माहिती तिकडे नेण्याचे काम ताईंनी माझ्यावर सोपवले. एका रविवारी सकाळी ते पूर्ण झाले. जुन्या आणि नव्या नोंदींची संख्या तंतोतंत जुळली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होते. नागपूरहून पाहुणे येणार होते, अंगणात मांडव पडला होता. मी जुने सर्व्हर बंद करायची परवानगी मागितली.

ताई म्हणाल्या, “संख्या जुळली. माणसं जुळली का?”

नव्या सर्व्हरवरून वॉर्डातल्या रुग्णांची यादी छापून घेऊन त्या निघाल्या, मी मागोमाग. प्रत्येक खाटेशी थांबून त्या नाव, गाव, आजार विचारत आणि कागदाशी ताडून पाहत. गिरडकडच्या सयाबाई नावाच्या आजींपाशी त्यांनी विचारले, “आजी, तुमाले कोणतं औषध चालत नाई?”

“ते पेनिसिलिनची सुई नको देऊ माय,” आजी म्हणाल्या. “मांगच्या खेपेले सारं अंग सुजलतं. दम कोंडलता.”

ताईंनी कागद माझ्यापुढे धरला. त्यावर छापले होते : ‘मागील वेळी अंगावर सूज, श्वास कोंडला. पेनिसिलिनचे इंजेक्शन दे’.

जुन्या सर्व्हरवर ते वाक्य ‘देऊ नये’ असे पूर्ण होते. नव्या पद्धतीत मराठी अक्षराला पूर्वीपेक्षा जास्त जागा लागते, हे मी रकाना आखताना ध्यानात घेतले नव्हते. छोट्या नोंदी शाबूत राहिल्या. लांब नोंदींचे शेपूट सॉफ्टवेअरने न कुरकुरता कापून टाकले होते. आणि मराठीत नकार वाक्याच्या शेवटीच येतो. ताईंनी आधी नर्सला बोलावून आजींच्या केसपेपरवर लाल शाईने इशारा लिहवून घेतला, मग त्या मला घेऊन रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे गेल्या.

“पाहुण्यांना काय सांगू?” अधीक्षक वैतागले.

“काम झालं नाही, असं सांगा.”

“चूक कोणाची?”

“विभागाची. विभाग माझा आहे,” ताई म्हणाल्या. माझे नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाही. त्या दुपारी मांडव उतरला. सोमवारी रुग्ण आले तेव्हा जुने सर्व्हरच काम करत होते.

मी मात्र कारंजा (घाडगे) इथे घरी निघून गेलो आणि राजीनामा लिहून ठेवला. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन वडिलांनी घेतला. “त्याले म्हणा, घरी काऊन बसून राह्यला? रकाना दुरुस्त करंल कोण? सकाळच्या एसटीनं येजो म्हणा. डबा नको आणू, मी आणून राह्यली.”

मी गेलो. डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी होती. जेवण झाल्यावर ताईंनी लांब नोंदींची यादी पुढे ठेवली. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी परिचारिकांना सोबत घेऊन एकेक नोंद जुन्याशी लावून वाचली. मग पाहुणे नाहीत, मांडव नाही, अशा एका साध्या रविवारी नवे सर्व्हर सुरू झाले. त्याही दिवशी ताई यादी घेऊन वॉर्डात फिरल्या. परत येऊन म्हणाल्या, “आता जुने बंद करा.” तो राजीनामा मी त्यांना कधी दाखवला नाही. हा लेख वाचूनच त्यांना तो कळेल.

ताई आज साठ वर्षे पूर्ण करत आहेत. ज्यांच्या केसपेपरवरचे शब्द त्यांनी असे सांभाळले, त्यांतल्या बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नाही. ताईंनाही त्याची कधी खंत वाटली नाही. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो, नजर अशीच लख्ख राहो, आणि ज्या रुग्णालयात त्यांनी इतक्यांची काळजी वाहिली, तिथे रुग्ण म्हणून येण्याची वेळ त्यांच्यावर पुष्कळ, पुष्कळ वर्षे न येवो.