फोटो फुटू नये म्हणून

बायकोला मारणाऱ्या माणसाला तुम्ही तिचा पत्ता द्याल का? नाही ना? माझ्या आईनंही दिला नव्हता.

ताई नवऱ्याचं घर सोडून लेकीसह वरळी कोळीवाड्यात मैत्रिणीकडे राहिली होती. पत्ता फक्त मला आणि आईला ठाऊक. तिचा नवरा आमच्या लालबागच्या खोलीवर येऊन पाया पडला, रडला, शिव्या घालून गेला. आई बधली नाही.

मग त्याचा गोड फोन आला. "आई, पोरीचा वाढदिवस आलाय, नाक्यावर बॅनर लावतोय. एक फोटो द्या ना. डॉक्युमेंट करून पाठवा हां, नाहीतर मोठा केला की फुटतो, नुसते ठिपके दिसतात."

आमच्याकडे बॅनरवरचा फोटो फुटला की अख्खा नाका हसतो. आई नुकतीच नातीला भेटून, तिथल्याच दारात तिचा फोटो काढून आली होती. तोच पाठवला. साधा पाठवला असता तर ॲपनं तो लहान करताना आतलं लोकेशन गाळलं असतं. डॉक्युमेंट करून पाठवल्यावर तो जसाच्या तसा गेला, जिथं काढला त्या जागेसकट.

दुसऱ्या दुपारी तो ताईच्या दारात हजर. "सापडलीस ना? फोटोतच लोकेशन पाठवलंय तुझ्या आईनं!" त्यानं पोरीचा हात ओढला. शेजारच्या कोळीण मावशीनं मासे कापायचा कोयता उचलला. "म्हावरं पायजे का मार?" तो पळाला. पण ताईला ते घर सोडावं लागलं.

आई म्हणत राहिली, "अगं, मी पत्ता सांगितलाच नाही!" खरंच होतं ते. फोटो फुटला नाही, पत्ता फुटला.

बॅनर मात्र लागला. पोरीशेजारी हा, गॉगल घालून: 'लाडक्या परीस, बाबांकडून'. मी वडिलांच्या संघटनेची पत्रकं चिकटवत वाढले आहे. खळ शिजवली, त्यानं बायकोला कसं शोधलं ते लिहून काढलं आणि सगळ्या नाक्यादेखत बॅनरवरच्या त्याच्या थोबाडावर डकवलं. त्यानं फाडलं. मी दुसरं लावलं. "फाड रे, कागद स्वस्त आहे," म्हटलं. अजून लावते. ताईला पुन्हा घर बदलावं लागणार नाही अशी खात्री होईपर्यंत माझा राग मी निवू देणार नाही.

तुम्ही एवढं करा. आत्ता, हे वाचून होताच, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा. मग घरातल्या मोठ्या माणसांचे फोन मागून घ्या, त्यांच्या शेजारी बसा आणि तिथलंही बंद करा.