मामाजींचे किरायादार

अमरावतीत घरमालक पैशाला पासरी मिळतील, पण घरमालकी हा ज्याचा धर्म आहे असा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामाजींनी आयुष्यभर भाजीबाजारात वांगी-मिरच्या विकल्या आणि हाती आलेल्या पैशातून वर्षा-दोन वर्षांनी एकेक खोली बांधली. भावांनी सोने घेतले, शेजाऱ्यांनी प्लॉट घेऊन त्यावर बाभळी वाढवल्या, मामाजींनी किरायादार घेतले. आता पावसाळ्यात वरचा स्लॅब गळतो, उन्हाळ्यात नळ रुसतो आणि बाराही महिने कोणाचे ना कोणाचे मोरीचे पाइप तुंबलेले असतात. एकदा मी शहाणपणा करून म्हणालो, "मामाजी, हा व्याप विकून टाका आणि पैसे बँकेत फिक्समध्ये ठेवा." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "जवाईबापू, फिक्समधला पैसा 'काकाजी, जेवले का?' असं इचारते का कधी?"

किरायादार निवडण्याची त्यांची पद्धत साऱ्या मोहल्ल्यात प्रसिद्ध आहे. पगार, नोकरी, ओळखपत्र हे सगळे ते नंतर बघतात. आधी न सांगता त्या माणसाच्या जुन्या घरी जातात आणि त्याचा कूलर तपासतात. टाकीत शेवाळ दिसले की विषय संपला. चकचकीत बूट घातलेल्या एका साहेबांना त्यांनी असेच दारातून परत पाठवले होते. "ज्याच्याच्यानं सोताचा कूलर धुवून व्हत नाई, तो माह्या फरशा काय धुईन?" उलट एक गृहस्थ विजेचे बिल न भरता पसार झाले, तरी मामाजी आजही त्यांच्याबद्दल हळहळतात, कारण कूलर त्यांनी शेवटपर्यंत लखलखीत ठेवला होता. भिंतीत खिळा ठोकायला बंदी आहे, पण खिळा ठोकून मिळतो. मामाजी स्वतः ड्रिल घेऊन येतात आणि जागाही तेच ठरवतात. एका नव्या जोडप्याला लग्नाचा फोटो बाहेरच्या खोलीत लावायचा होता. तिथे ऊन येते, फोटोचा रंग उडेल, असे म्हणून मामाजींनी तो स्वयंपाकघरात डब्यांच्या वर लावून दिला आणि त्या जोडप्याने तीन वर्षे आपले लग्न फोडणीच्या धुरातून पाहिले. रिकामी खोली मात्र त्यांना सोसत नाही. खोली आठ दिवस बंद राहिली की त्यांचे जेवण कमी होते.

तळमजल्यावर अचलपूरचे एक एसटी ड्रायव्हर बायको आणि मुलीसह राहत. करार अकरा महिन्यांचा, राहिले बारा वर्षे. त्यांच्या वैष्णवीला गेल्या वर्षी अकोल्याला शेतकीच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. एकटीला पाठवायला आई तयार नव्हती, म्हणून वडिलांनी अकोल्याला बदली मागून घेतली. पण अकोल्यात घर मिळेना. दोन रविवार वणवण झाल्यावर वडील म्हणू लागले, राहू दे, इथेच काहीतरी शिकेल. हे मामाजींच्या कानावर गेले आणि तिसऱ्या रविवारी ते ड्रायव्हरला आणि वैष्णवीला घेऊन अकोल्याला माझ्या दारात हजर झाले. "चला जवाईबापू, घर पाहू."

तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथे घर एका निवृत्त शिक्षिकेचे होते. मामाजींनी भिंतीवर बोटे वाजवली, नळ सोडून पाहिले, छताकडे मान वर करून ओल शोधली आणि खूश झाले. बाईंनी किराया सांगितला. तेव्हा इतक्या वर्षांच्या सवयीने मामाजींच्या तोंडून निघून गेले, "इतका कमी कावून? दोन बाजूनं खिडक्या हायेत, पाचशे तरी वाढवा!" ड्रायव्हरचा चेहरा उतरला. बाईंनी चष्मा नीट केला.

"तुम्ही यांचे कोण?"

"घरमालक," मामाजी अभिमानाने म्हणाले.

बाई सावध झाल्या. "घरमालक कधी किरायादारासाठी घर शोधतो का? जड झाले असतील, म्हणून माझ्या गळ्यात घालून राहिले तुम्ही." आणि त्यांनी किल्ली पदराखाली घेतली. वैष्णवी खाली मान घालून उभी होती.

कोणालाही निरुत्तर करणारा हा माणूस वैष्णवीजवळ जाऊन उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, ही पोरगी माह्या जिन्यावर बसून पाढे शिकली. जाऊ नका, असं धा वेळा माह्या तोंडावर आलं अन् मी गिळलं. तुमी अकरा महिने यायले ठेवून पाहा. एक जरी तक्रार असली तरी मले फोन करजा. मी टेम्पो घेऊन येतो अन् वापस नेतो. तवरोक माह्या खोल्या मी कोनाले देत नाई."

मी थक्क झालो. अमरावतीत जागेला मागणी असताना मामाजी आपल्या खोल्या अकरा महिने रिकाम्या ठेवायला निघाले होते, दुसऱ्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी. हा माणूस आपला मामेसासरा आहे, याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की बाईंच्या ओसरीवरच त्यांच्या पाया पडावेसे वाटले. बाईंनी पदराखालची किल्ली काढली आणि वैष्णवीच्या हातावर ठेवली. किराया पहिलाच राहिला.

मामाजींनी शब्द पाळला. दलाल आले, ओळखीचे आले, स्वच्छ कूलरवाले आले. सगळे परत गेले. रोज सकाळी ते खाली उतरून खिडक्या उघडत आणि संध्याकाळी लावून घेत. परवा अकरा महिने संपले. बाईंनी नवा करार केला आणि मला सांगितले, तुमच्या मामाजींना कळवा. मी लगेच फोन लावला.

"मामाजी, आता खोल्या किरायाने द्या. त्यांचे तिथे छान जमले आहे."

"देतो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "तक्रार एकबी नाई का? लहानशी?"

"एकही नाही."

"नसनच," ते म्हणाले. "माहे किरायादार हायेत ते."